नामीबाईंचा वाल

स्वच्छ हातांच्या मुलाला नामीबाई अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. सकाळी काष्टा खोचून त्या दारात उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला म्हणायच्या, "हात बघू." पोर दोन्ही तळवे पुढे करायचं. तळवे कोरडे आणि नखं गोरी दिसली की नामीबाईंच्या कपाळाला आठी. "मातीत हात नाय घातला अजून? मंग भूक कशी लागंल रे तुला? जा, आधी झाडाला पानी घालून ये." पोर दप्तर तिथंच टाकून मागच्या अंगणाकडे धूम ठोकायचं. चिखलाचे हात घेऊन परत आलं की त्याच नामीबाई साबणाची वडी पुढे करायच्या. "आता धू. धुवायला कायतरी पायजेल ना हाताला."

मी त्या अंगणवाडीत रुजू झाले त्या दिवशी माझेही हात त्यांनी असेच बघितले होते. मला वाटलं, बाई हात बघून भविष्य सांगतात की काय! त्यांनी माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि सोडून दिले. "बाई, तुमी खुर्चीवर बसा," एवढंच म्हणाल्या. त्यात अपमान होता की पाहुणचार, हे मला पुढे बरेच दिवस कळलं नाही.

मी मूळची सांगलीची. नवरा तळोज्याच्या कारखान्यात, म्हणून आम्ही विचुंब्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. गृहविज्ञान शिकलेली होते आणि सेविका गावातलीच राहणारी हवी असा नियम असल्यामुळे मला ही जागा मिळाली. मी सेविका, नामीबाई मदतनीस. कागदावर मी वरची, त्या खालच्या. प्रत्यक्षात काय होतं ते पोरांना पक्कं ठाऊक होतं. पडलं, झडलं, शू झाली, की हाक एकच, "नामीआजी!" माझ्या नावाने कुणी रडल्याचं मला आठवत नाही.

अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक ओटा आणि मागे दीडेक गुंठ्याचं अंगण. अंगणाच्या एका टोकाला पाण्याचा निळा पिंप आणि दुसऱ्या टोकाला वालाचे वाफे. मध्ये नुसतं मोकळं. तारेच्या कड्या लावलेले छोटे छोटे डबे पिंपाशी ओळीने टांगलेले असत. पोरांनी डबा भरायचा, सांडत-लवंडत वाफ्यापर्यंत न्यायचा, आपल्या रोपाला घालायचा, पुन्हा पळत यायचं. पहिल्याच आठवड्यात मी हुशारी दाखवली. "नामीबाई, पिंप वाफ्यांजवळ सरकवूया का? मुलांना केवढी पायपीट होते."

नामीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पदवी घरी ठेवून आले असते तर बरं झालं असतं. "जवल ठेवला तर पोरं पलतील कवा, बाई?"

त्या वेळी मला कार्यालयातून एक तक्ता आला होता. रोज अमुक इतकी मिनिटं शारीरिक हालचाल. जागेवर उड्या, हात वर, हात खाली. मी पोरांना रांगेत उभं करून उड्या मारायला लावल्या. दोन मारल्या आणि तिसऱ्या उडीला सगळे बसले. नामीबाई ओट्यावर तांदूळ निवडत हसत होत्या. "उडी मार असं सांगावं लागतंय तं पोर आजारी समजायचं." मग त्यांनी वाफ्याकडे बघून नुसती आरोळी दिली, "पाखरं आली रेऽऽ!" आणि बसलेली सतरा पोरं उठून अंगणभर धावली. पाखरू एकही नव्हतं. मी कार्यालयाच्या नोंदींच्या ॲपमध्ये भरलं, 'मुलांनी पाखरे हाकली'. वरून विचारणा आली, हा कुठला उपक्रम? त्यांना काय सांगणार, कपाळ?

वजनकाट्याचंही तसंच. महिन्याच्या महिन्याला मी काटा लावून वजनं घ्यायची. नामीबाई त्याआधी पोराला काखेत हात घालून उचलायच्या, जरा झुलवायच्या आणि सांगून टाकायच्या, "सव्वाचौदा." काटा चौदा-तीनशे दाखवायचा. मला राग यायचा. "अहो, कसं कळतं तुम्हाला?" त्या म्हणायच्या, "हाताला कळतं. तुमी पन उचला. रोज उचललं की कळतं." मी हळूहळू उचलायला लागले. कोणतं पोर घरी उपाशी निजलं, कोण बिस्किटांवर फुगलंय, कुणाच्या अंगात ताप येऊ घातलाय, हे पुढे माझ्याही हाताला कळायला लागलं. पुस्तकात शिकलेलं मी पुष्कळ विसरले. हे विसरणार नाही.

आता वालाबद्दल सांगायला हवं, कारण नामीबाईंबद्दल सांगायचं म्हणजे वालाबद्दलच सांगायचं. आपल्या पनवेल-अलिबागकडचा कडवा वाल. भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर पेरायचा, माघ-फाल्गुनापर्यंत शेंगा. नामीबाई दरवर्षी प्रत्येक पोराच्या हातावर तीन दाणे ठेवायच्या. पोराने आपल्या हाताने ते लावायचे, रोज पाणी घालायचं, धरलेल्या शेंगा मोजायच्या. आणि त्यांचा एक कायदा होता. आपल्या रोपाची पहिली शेंग आपण खायची नाही, ती दुसऱ्याला भरवायची. दुसरी शेंग आपली.

पोर मोठं होऊन पहिलीत जायचं, त्या वर्षी त्याच्या रोपाच्या काही शेंगा नामीबाई तोडू देत नसत. त्या तशाच वाळू द्यायच्या. वाळलेले दाणे जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधायचे, चिंध्या चुलीच्या राखेत घालून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. गाठोड्यांवर नाव नसायचं. नामीबाईंना अक्षर येत नव्हतं आणि लागतही नव्हतं. हिरव्या काठाची चिंधी म्हणजे समीर, फुलाफुलांची म्हणजे दिव्या. पुढच्या कार्तिकात नवं पोर आलं की त्याच्या हातावर दाणे ठेवून सांगायच्या, "हा समीरदादाचा वाल हाय. त्याचा लय गोड झालेला. बघू तुझा कसा व्हतो." तीन वर्षांचं पोर, पण दाणे मुठीत असे घट्ट धरायचं!

"सगलं बी कधी पेरायचं नाय," हा त्यांचा दुसरा कायदा. निम्मं पेरायचं, निम्मं डब्यात. "वरचा कवा रुसंल सांगता येत नाय."

हा वाल मुळात त्यांच्या स्वतःच्या शेतातला. सासूने त्यांच्या ओटीत घातलेला. एका वाईट सालची गोष्ट त्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगायच्या. घरात दाणा नव्हता. सासूने पोरांना रानातली कंदमुळं उकडून घातली, पण भिंतीच्या कोनाड्यात लिंपून ठेवलेल्या वालाच्या मडक्याला हात लावला नाही. स्वतः पोटाला फडकं बांधून निजली. "उपाशी मरल मानूस, पन बी नाय शिजवायचं. बी शिजवलं त्याचं घर उठलं." पोरं डोळे मोठे करून ऐकायची. मीही ऐकायची. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं, की एका प्रशिक्षणात मी ते भाषणात वापरलं आणि टाळ्या घेतल्या.

आणि ते शेत? मी एकदा विचारलं होतं, तुमचं शेत कुठे होतं हो? नामीबाई भाजी चिरत होत्या. विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं किचन हाय ना, बाई, त्याच्याच आसपास. थोडं लिफ्टकडं." त्यांच्या मुलांनी जमीन बिल्डरला दिली होती आणि ते दोघंही बंगले बांधून सुखात होते. नामीबाईंना कशाची कमी नव्हती. मदतनीसाचं काम करायची गरज तर मुळीच नव्हती. मुलांना ते कमीपणाचंही वाटायचं. "आयेला सांगा ना जरा, घरात बसायला," असं एक मुलगा मला म्हणालासुद्धा. पण घरात बसून त्या वाल कुठे लावणार? बंगल्याभोवती सगळीकडे फरशी होती. त्यांच्या शेताचं जे काही या जगात उरलं होतं, ते आमच्या अंगणातल्या सहा वाफ्यांत आणि त्या पत्र्याच्या डब्यात होतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, नाहीतर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

विहान आमच्याच इमारतीतला. चार वर्षांचा, गोरापान, आणि जेवणात फक्त क्रीमची बिस्किटं. त्याच्या आईने पहिल्या दिवशी मला बजावलं, "मॅडम, त्याला व्हेजिटेबल्स आवडत नाहीत, प्लीज फोर्स करू नका." मी नामीबाईंना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "मी कोनाला खा म्हनतंय?" आणि खरंच, त्यांनी कुठल्या पोराला कधी 'खा' म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

विहानचे तीन दाणे उगवले. तो डबे घेऊन पळायला लागला. पहिले आठ दिवस धापा टाकायचा, नंतर टाकेनासा झाला. पहिली शेंग धरली तेव्हा त्याने ती सोलून, कायद्याप्रमाणे, नामीबाईंच्याच तोंडात घातली. नामीबाईंनी डोळे मिटले आणि असा काही चेहरा केला, की बघतच राहावं. "काय वाल हाय हा! आता मरायला मोकली मी." विहानला दम निघेना. दुसरी शेंग त्याने जाग्यावरच कच्ची खाल्ली. कडू लागली असणार, पण सांगतो कोणाला!

त्याच थंडीत आम्ही अंगणात पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर पोरांच्या हातच्या वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा. वरून पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. मडकं उघडलं तेव्हा जो वास सुटला, त्याने रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा थबकली. विहानची आई त्याला न्यायला आली, तर पोरगं दोन्ही हातांनी शेंगा ओरबाडत होतं. तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नामीबाईंनी तिच्याही हातात एक शेंग दिली.

विहान पहिलीत जायचा होता त्या उन्हाळ्यात त्याचे दाणे नामीबाईंनी निळ्या चिंधीत बांधले. त्याची धाकटी बहीण दुर्वा तेव्हा आईच्या कडेवर होती. "हे मी कोनाला नाय देनार," नामीबाई त्याला म्हणाल्या. "तुझी बहीन चालती-बोलती व्हऊन शालंत आली ना, की तिला देनार." विहानने त्यांच्याकडून हातावर हात मारून वचन घेतलं.

त्यानंतरच्या वर्षी मी ते केलं.

आमच्या भागात संकुल बांधणारा एक बिल्डर आला आणि म्हणाला, तुमची अंगणवाडी आम्ही आदर्श करून देतो. घसरगुंडी, झोके, भिंतीवर चित्रं, आणि अंगणात सगळीकडे रंगीत पेव्हर ब्लॉक. मला हुरूप आला. पावसाळ्यातल्या चिखलाबद्दल दोन-चार आया कुरकुरत होत्याच. वरच्या मॅडमनी मला फोन करून माझं अभिनंदन केलं. मी इमानाने सांगते, मला माझं नाव कुठेतरी यायला हवं होतं. नामीबाई तेव्हा उरणला मुलीकडे गेल्या होत्या. सुगंधा त्यांची एकुलती एक मुलगी, तिच्या सुनेचं बाळंतपण होतं. पेरणी आटोपून, रोपं चार पानांवर आल्यावरच त्या गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "पंधरा दिवस सांभाला सगल्यांनी." माझ्यापासून त्या रोपांपर्यंत सगळ्यांना मिळूनच म्हणाल्या.

मी त्यांना फोन करू शकले असते. मनात आलंही होतं. पण बाई नको म्हणतील, याची खात्री होती म्हणूनच केला नाही. माणसं येऊन तीन दिवसांत काम करून गेली. आधी खडी, मग चुरी, मग लाल-पिवळे ब्लॉक. रोपं कुणी उपटलीसुद्धा नाहीत. त्यांच्यावरच खडी टाकली.

नामीबाई परत आल्या त्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले होते. त्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ उभ्या होत्या. मग चपला काढून ब्लॉकवर उतरल्या आणि वाफे होते तिथपर्यंत चालत गेल्या. परत आल्या आणि मला म्हणाल्या, "बरं दिसतंय. पाय नाय मलनार आता पोरांचे." त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी घाईघाईने कुंड्यांबद्दल बोलले. चांगल्या मोठ्या कुंड्या आणू, प्रत्येक मुलाची एक. त्या म्हणाल्या, "कुंडीत तुलस व्हते, बाई."

त्या दिवसापासून त्यांनी पोरांचे हात बघणं सोडलं.

दोनेक दिवसांनी, आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच, त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "बाई, त्या तिकडल्या कोपऱ्यातल्या चार फरश्या काढता येतील का? हातभर जागा फक्त. अजून ओल हाय. डब्यातलं बी टाकलं तं येल." मी म्हटलं, "नामीबाई, आत्ताच उद्घाटन झालंय, फोटो वर गेलेत. लगेच उखडलं तर कसं दिसेल? मार्चनंतर बघू ना." त्या म्हणाल्या, "मार्चपर्यंत ओल थांबत नाय." आणि पुन्हा ओटा पुसायला लागल्या. तो ओटा आधीच स्वच्छ होता.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी घरून वाल आणले. भिजवलेले, फडक्यात बांधून मोड काढलेले, चांगली मोठी परातभर. "आज पोरांना बिरडं घालते," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला! मला वाटलं, राग गेला. पोरं परातीभोवती बसली. कोमट पाण्यातला वाल चिमटीत दाबला की सालातून दाणा सुळकन उडायचा, पोरं खिदळायची. मी फोटोवर फोटो काढले. मोड आलेली कडधान्ये, बोटांच्या हालचाली, सगळे रकाने एका फटक्यात भरले. नामीबाईंनी खोबरं वाटून, कोकम घालून बिरडं केलं. वाढताना प्रत्येक पोराच्या ताटात डाव रिकामा करत त्या पुटपुटत होत्या, "घे, हा समीरचा. घे, हा दिव्याचा. हा विहानचा, पोटभर खा." मला वाटलं, बाईंना जुन्या पोरांची आठवण येतेय. मी हसले. मी दोनदा मागून घेतलं. "नामीबाई, असं बिरडं मी जन्मात खाल्लं नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. त्यांनी माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढलं. स्वतः मात्र जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

पोट खरोखरच बरं नव्हतं. माघात कावीळ निघाली, मग आतलं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी सुगंधाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी बंगल्यावर भेटायला जायची. एकदा त्यांना उशीला टेकवून बसवायचं होतं. सुगंधाने एका बाजूने धरलं, मी काखेत हात घातला आणि उचललं. माझ्या हाताला लगेच कळलं. त्यांनीच शिकवलेलं होतं. मी सुगंधाकडे पाहिलं नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट. गुंगीत होत्या. माझा आवाज ऐकून डोळे उघडले आणि म्हणाल्या, "पोरं पानी घालतात का?"

मी म्हटलं, "हो, घालतात."

"पिंप जवल नका आनू."

"नाही आणणार."

मग त्यांची नजर हळूहळू माझ्यावर स्थिर झाली. त्यांना सगळं आठवलं असावं. त्यांनी चाचपत माझा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला. "तुमाला खोटं बोलता येत नाय, पोरी," म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा पोरी म्हणाल्या. त्यानंतर चारच दिवसांनी गेल्या.

कार्तिक आला तेव्हा मी कुणाला न विचारता एक माणूस बोलावला. पहार घेऊन आला. त्या तिकडल्या कोपऱ्यातले ब्लॉक काढायला त्याला अर्धा तास लागला. चारच नव्हे, चांगले चाळीस काढले. खडी बाजूला केली, बाहेरून माती आणून टाकली, पाणी सोडलं. कार्यालयातून कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ज्याला मी मार्चनंतर बघू म्हटलं होतं, तो अर्ध्या तासाचा विषय होता. मी ओट्यावर बसून खूप रडले. त्या माणसाला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलं.

मग मी फळीवरचा पत्र्याचा डबा खाली घेतला. डबा हलका लागला. आत राख नव्हती. डबा घासूनपुसून लख्ख होता आणि त्यात सगळ्या चिंध्या धुऊन, घड्या घालून एकावर एक ठेवलेल्या होत्या. हिरव्या काठाची, फुलाफुलांची, निळी.

मी तिथूनच सुगंधाला फोन लावला. डबा रिकामा असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला म्हाइत नव्हतं? आयेनं त्याचंच तं बिरडं केलेलं. मना फोनवर बोलली, आज बी पोरांच्या पोटात पेरलं. आता तितनं कोन फरशी टाकून काढनार नाय." मग म्हणाली, "लय रडली त्या दिवशी. बापूस गेला तवा पन एवढी नव्हती रडली."

त्या दिवसाचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. सतरा पोरं, तोंडं पिवळी, ताटं चाटूनपुसून साफ. त्याला वरून शाबासकी आली होती. फोटोत एका कडेला नामीबाईंचा डाव धरलेला हात तेवढा आलाय, चेहरा नाही.

मी पनवेलच्या बाजारात जाऊन बियाण्याचा वाल आणला. दाणे चांगले टपोरे होते. दुकानदार म्हणाला, शंभर टक्के उगवणार. सोमवारी पोरांना अंगणात नेलं. आता दारात मी उभी राहते. हात बघायला मला अजून नीट जमत नाही, पण बघते. दुर्वा यंदाच यायला लागली आहे. साडेतीन वर्षांची, विहानसारखीच गोरीपान. तिने आपणहून तळवा पुढे केला. तिला घरून कुणीतरी सगळं शिकवून पाठवलं होतं.

मी तिच्या हातावर तीन दाणे ठेवले. तिने ते अगदी जवळ नेऊन निरखून पाहिले.

"हा विहानदादाचा?"

खोटं बोलावं असं फार मनात आलं. एवढ्याशा पोरीला काय कळणार होतं! पण ज्यांनी माझा हात बघून सांगितलं होतं, त्यांचं खोटं करणं माझ्याच्याने होईना.

"नाही गं," मी म्हटलं. "दादाचा वाल आम्ही खाल्ला."